डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचाय? आधी हाल्डेन बाप-लेकाची गोष्ट वाचा

गोंदिया जिल्ह्यात पोहायला शिकायचं म्हणजे मामा तलाव, नाहीतर गावची बोडी. त्यामुळे इकडच्या पोरांना पाण्याचं फारसं भ्या नसतं. हीच पोरं पुढे महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर गाठतात, घाट उतरून मालवण-तारकर्लीला जातात, स्कूबाची चव घेतात. एकदा चटक लागली की सर्टिफिकेटचा कोर्स होतो. आणि मग प्रश्न पडतो, पहिला डाइव्ह कॉम्प्युटर कोणता घ्यायचा?

दुकानदार स्क्रीन दाखवतो, रंग दाखवतो. पण त्या घड्याळाच्या आत चालणारं गणित एका बापाच्या आणि त्याच्या पोराच्या आयुष्यातून जातं. त्यातला पोरगा शेवटी भारताचा नागरिक झाला आणि इथल्याच मातीत वारला. त्याचं नाव जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन. जग त्याला जे. बी. एस. हाल्डेन म्हणून ओळखतं.

जन्म ५ नोव्हेंबर १८९२, ऑक्सफर्ड. वडील जॉन स्कॉट हाल्डेन श्वसनाचे शास्त्रज्ञ होते. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी न्यावा, ही कल्पना त्यांचीच. प्रयोग आधी स्वतःवर करायचा, हा त्यांच्या घरचा नियम. पोरगाही त्यातून सुटला नाही. त्याला लहानपणीच खाणीत उतरवलं जायचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाला एका प्रश्नाने छळलं होतं. खोल गेलेले पाणबुडे वर आले की सांधे धरून ओरडायचे, काहींना लकवा व्हायचा, काही मरायचे. याला बेंड्स म्हणतात. खोलीवर दाब जास्त असतो, त्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि अवयवांत विरघळतो. माणूस झटकन वर आला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. बोडीत दम धरून एखाददुसरी बुडी मारली तर एवढं होत नाही, कारण आत एकाच श्वासाची हवा असते. सिलिंडर लावला की दाबाखालची हवा सतत शरीरात जात राहते.

थोरल्या हाल्डेनने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये प्रेशर चेंबरात शेळ्या घातल्या. शेळीने पुढचा पाय उचलून धरला, की बेंड्स झाले असं समजायचं. त्यातून दोन गोष्टी हाती लागल्या. एक, शरीरावरचा दाब निम्म्यावर आला तरी बहुधा त्रास होत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने थांबत वर यावं. दुसरी, शरीराचा प्रत्येक भाग नायट्रोजन सारख्या वेगाने घेत नाही. रक्त पटकन भरतं, चरबी हळू. म्हणून त्यांनी ५ ते ७५ मिनिटांच्या वेगाचे पाच काल्पनिक भाग धरले आणि तक्ते बनवले. १९०८ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

त्याआधी, १९०६ च्या उन्हाळ्यात, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर या सगळ्याची खऱ्या पाण्यात परीक्षा झाली. नौदलाचे डॅमंट आणि कॅटो हे दोघे २१० फुटांवर जाऊन धड परत आले. त्याच मोहिमेत तेरा वर्षांच्या जॅकलाही (घरी त्याला जॅक म्हणत) पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली सोडलं. पोशाख मोठ्या माणसाचा, मनगटाला सैल. आत थंडगार पाणी भरत गेलं. पोरगा कुडकुडत वर आला. आजच्या हिशोबाने अशा बापावर गुन्हाच दाखल झाला असता!

आता तुमच्या घड्याळाकडे या. ते फक्त दाब आणि वेळ मोजतं. तुमच्या रक्तात काय चाललंय हे त्याला कळत नाही, ते अंदाज बांधतं. अनेक कॉम्प्युटर झुरिकच्या अल्बर्ट ब्युलमान यांचं मॉडेल वापरतात. त्यात पाचाऐवजी सोळा भाग आहेत, पण पाया थोरल्या हाल्डेनचाच. म्हणून पहिला कॉम्प्युटर घेताना सावधगिरीची पातळी वाढवता येते का, हे आधी बघा. थकवा असेल, थंडी असेल, वजन जास्त असेल, तर ती वाढवावी. आणि एक कॉम्प्युटर दोन मित्रांनी वाटून वापरायचा विचार सोडा. दुसऱ्याच्या डाइव्हचा हिशोब तुमच्या शरीराला लागू होत नाही.

एक गोष्ट विदर्भातल्या माणसाने जास्त लक्षात ठेवावी, कारण परतीची घाई त्यालाच असते. डाइव्हनंतर विमानात बसायला एका डाइव्हला किमान १२ तास, अनेक डाइव्हना १८ तास थांबतात. आंबोली साधारण ६९० मीटर उंच आहे. म्हणजे दुपारी डाइव्ह आणि संध्याकाळी घाट, हेसुद्धा दाब कमी करणंच झालं. कॉम्प्युटरवर 'नो फ्लाय' दिसत असेल तर रात्र मालवणातच काढा, मासळी चांगली मिळते.

इकडे जॅक मोठा झाला. १९१५ मध्ये युद्धात क्लोरीन वायू वापरला गेला, तेव्हा मास्क तपासायला बापाने त्याला आघाडीवरून बोलावून घेतलं आणि दोघे वायूच्या खोलीत बसले. पुढे तो जनुकशास्त्रात गेला, उत्क्रांतीला गणित दिलं, कम्युनिस्ट झाला, वर्तमानपत्रात विज्ञान लिहू लागला. पाण्याशी संबंध सुटल्यासारखाच होता.

१ जून १९३९ ला लिव्हरपूलजवळ थीटिस ही नवी पाणबुडी चाचणीत बुडाली. ९९ जण गेले, चौघे वाचले. मेलेल्यांत गोदीचे कामगारही होते, आणि त्यांच्या संघटनांनी हाल्डेनला गाठलं. बंद पाणबुडीत माणूस नेमका कशाने मरतो? तो स्वतः बंद चेंबरात जाऊन बसला. पुढची काही वर्षं तो आणि त्याचे साथीदार दाबाखाली वेगवेगळे वायू घेत राहिले. खोलीवर नायट्रोजनने माणूस दारू प्यायल्यासारखा होतो, हे त्यांनी मोजलं. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन झटके आणतो, हे त्याने अंगावर काढलं. एका झटक्यात त्याचे मणके दबले आणि पाठदुखी जन्मभर राहिली. कानाचा पडदा फाटला, तर भोकातून सिगारेटचा धूर काढता येतो म्हणून तो गंमत करायचा.

ऑक्सिजनची ही मर्यादा आज घड्याळात 'नायट्रॉक्स' नावाने येते. नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा. ३२ टक्क्यांची असेल आणि १.४ बारची मर्यादा पाळायची असेल, तर ३३ मीटरच्या खाली जायचं नाही. ही सोय असलेलाच कॉम्प्युटर घ्यावा, पुढचा कोर्स केल्यावर नवा घ्यावा लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाखवणारा महाग ट्रान्समीटर मात्र पहिल्या खरेदीत नसला तरी चालतं, साधं गेज पुरतं. त्यापेक्षा आकडे मोठे हवेत, बॅटरी आणि दुरुस्ती भारतात मिळायला हवी. आणि नुसता ट्राय डाइव्हच करायचा असेल तर काहीच घेऊ नका, प्रशिक्षक सोबत असतो.

१९५७ मध्ये, सुएझवरच्या ब्रिटिश हल्ल्याचा निषेध म्हणून आपण देश सोडतोय असं जाहीर करून, हाल्डेन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. सोबत पत्नी, जीवशास्त्रज्ञ हेलन स्परवे. तो कुर्ता-धोतर नेसू लागला, मांसाहार सोडला, भारताचं नागरिकत्व घेतलं. संस्थेशी खटके उडाल्यावर भुवनेश्वरला गेला आणि तिथे प्रयोगशाळा उभी केली. तिथेच १ डिसेंबर १९६४ ला कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला. देह आंध्रातल्या काकिनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी दिला गेला. तशी व्यवस्था त्याने स्वतःच करून ठेवली होती.