दुधाच्या अभ्यासक : इंदूरच्या कमला सोहोनी



उन्हाळ्यात घरोघरी एक प्रसंग हमखास घडतो. पातेल्यातले दूध दिसायला चांगले असते, पण गॅसवर ठेवले की फाटते. दुधातील प्रथिनांवर संशोधन करणाऱ्या एक मोठ्या शास्त्रज्ञ आपल्या इंदूरच्याच, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी घेऊन त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील व काका तेथेच शिकले होते. परंतु संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. तेथे त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

आता दुधाकडे वळू. दुधात स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरलेले असतात. अशा मिश्रणाला शास्त्रात पायस म्हणतात. त्यात केसीन हे प्रथिनही असते. थंड दूध किंचित दाट असते, कोमट केले की पातळ होऊन सहज वाहते. पण त्यात आंबटपणा आला, मग तो लिंबाचा असो वा उन्हाळ्यात वाढलेल्या जिवाणूंचा, की केसीनचे कण एकमेकांना चिकटू लागतात. थोडासा आंबटपणा थंड दूध सहन करते; तेच दूध उकळायला ठेवले की फाटते.

कमलाताईंनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मायदेशी परतल्यावर पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले व नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही दुधाची प्रत राखण्याबाबत त्यांचे मार्गदर्शन लाभले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आईच्या परवानगीने दोन वाट्यांत थोडे दूध घ्या, एक थंड व एक गरम. दोन्हींत लिंबाचे सारखेच थेंब टाका आणि काय होते ते वहीत लिहा.

पालकांना आमची एकच विनंती आहे. अकरावीत विषय निवडताना मुलीने विज्ञान मागितले, तर ती मुलगी आहे म्हणून नाही म्हणू नका. विश्वस्त मंडळींनाही नम्र निवेदन, की प्रयोगशाळेवरील खर्च आपण असाच आपुलकीने मंजूर करावा. कमलाताईंना अटींवर शिकावे लागले. आपल्या मुलींवर ती पाळी येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.