विश्लेषण : निकोटिन पेशीत नेमकं कशाला चिकटतं? शंभर वर्षांपूर्वी लँगलींनी दिलेलं उत्तर

आज 'रिसेप्टर' हा शब्द सर्रास वापरला जातो. पण तो कुणी पाहिलाही नव्हता, तेव्हा त्याचा माग काढला जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी. जन्म १८५२, इंग्लंडमधलं न्यूबरी. केंब्रिजमध्ये मायकेल फॉस्टर यांच्या हाताखाली शिकले, १९०३ मध्ये त्यांच्याच जागी प्राध्यापक झाले.

१८८९ मध्ये डिकिन्सन यांच्यासोबत त्यांनी प्राण्याच्या मानेतल्या मज्जापेशींच्या गाठीवर चक्क कुंचल्याने निकोटिन लावलं. संदेश तिथेच अडला. नुसत्या तंतूंवर लावलं, तर अडत नव्हता.

खरी कमाल १९०५ ची. कोंबडीच्या स्नायूची नस तोडून झिजू दिली, तरी निकोटिनने स्नायू आकसला आणि क्युरारेने पुन्हा ढिला पडला. म्हणजे औषध नसेवर नव्हे, स्नायूपेशीतल्याच कशावर तरी काम करत होतं. लँगलींनी त्याला 'ग्राही द्रव्य' म्हटलं. हेन्री डेलसारखे दिग्गजही बराच काळ साशंक राहिले. १९२५ मध्ये लँगली गेले. नोबेल मिळालं नाहीच.

ते द्रव्य म्हणजे पाच प्रथिनांची जुळणी, हे पुढे कळलं. आणि ही जुळणी पेशीवरही अवलंबून असते! मेंदूतल्या अल्फा-७ रिसेप्टरचं जनुक बेडकाच्या अंड्यात घातलं, तर रिसेप्टर चालतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशीत प्रथिन बनतं, पण जुळणी बहुतांशी फसते. आरआयसी-३ किंवा नाचो हे मदतनीस प्रथिन सोबत दिलं, की तिथेही काम सुरू होतं. त्यामुळे अशा पेशींत औषधाचा परिणाम दिसला नाही, तर दोष औषधाचा की पेशीचा, हे आधी तपासावं लागतं.