घर गहाण टाकून कंपनी काढली, ड्रिल मशीनला पिस्तुलाची मूठ दिली. ब्लॅक अँड डेकरमधल्या डेकरची गोष्ट

ड्रिल मशीन हातात घेतलं की बोट आपोआप ट्रिगरवर जातं. कोणाला शिकवावं लागत नाही. मूठ आवळायची, बोट दाबायचं, गर्रर्र आवाज आला की भिंतीला भोक पडायला सुरुवात. पडद्याचा रॉड लावायचा असो, नाहीतर टीव्हीचा स्टँड, शेजारच्या काकांकडून मागून आणलेलं ते मशीन आपल्याला पहिल्या मिनिटापासून चालवता येतं.

पण मशीन असं पिस्तुलासारखंच का? आणि कारखान्यातलं हे अवजार घराच्या माळ्यावर येऊन कसं बसलं?

ब्लॅक अँड डेकर हे नाव तुम्ही ड्रिलच्या, इस्त्रीच्या नाहीतर व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यावर वाचलेलं असणार. बऱ्याच जणांना वाटतं की हे नुसतं ब्रँडचं नाव आहे. तसं नाही. ब्लॅक नावाचा माणूस होता आणि डेकर नावाचाही होता. एक विकण्यात हुशार, दुसरा घडवण्यात. ही गोष्ट मुख्यतः घडवणाऱ्याची आहे.

अलॉन्झो डेकरचा जन्म १८८४ चा, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला. बाल्टिमोर हे तिथलं बंदराचं शहर. १९०६ साली डेकर तिथल्या रोलँड टेलिग्राफ कंपनीत कामाला होता. तारेने आलेला संदेश थेट छापून देणारी यंत्रं ही कंपनी बनवायची. डेकरचं काम टूल अँड डायचं, म्हणजे यंत्राचे भाग ज्या साच्यांतून आणि हत्यारांतून घडतात ती हत्यारं तयार करायची. आपल्याकडे एमआयडीसीत टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला हे काम किती बारकाईचं असतं ते सांगायला नको. केसाएवढा फरक पडला तरी माल भंगारात.

तिथे त्याची गाठ पडली सॅम्युएल डंकन ब्लॅकशी. दोघं साधारण एकाच वयाचे. दोघांच्याही डोक्यात एकच भुंगा, की नोकरी किती दिवस करायची.

१९१० मध्ये त्यांनी ती सोडली. दोघांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालायचे ठरवले. ब्लॅकने आपली मोटारगाडी विकली. डेकरकडे विकायला गाडी नव्हती. त्याने राहतं घर गहाण टाकलं.

इथे जरा थांबायला हवं. व्यवसाय बुडाला असता तर ब्लॅक पायी चालला असता, डेकर मात्र बेघर झाला असता. दोघांचे पैसे सारखेच होते, जोखीम नव्हती. तेव्हा दोघंही सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते.

तर एकूण १२०० डॉलरमध्ये बाल्टिमोरमध्ये भाड्याच्या जागेत शॉप सुरू झालं. पण स्वतःचं म्हणावं असं उत्पादनच नव्हतं. कोणी चित्र घेऊन यायचं, कोणी नुसती कल्पना घेऊन यायचं, आणि हे दोघं त्याचं यंत्र बनवून द्यायचे. दुधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारं यंत्र केलं. मिठाई पाकात बुडवून काढणारं यंत्र केलं. टपालाच्या तिकिटांसाठीचं यंत्रही केलं. आजच्या भाषेत सांगायचं तर निव्वळ जॉबवर्क. हप्ते निघतात, नाव मात्र दुसऱ्याचं होतं.

स्वतःचं काहीतरी हवं होतं. ते सापडलं ड्रिल मशीनमध्ये.

आता गंमत बघा. विजेवर चालणारं ड्रिल यांनी शोधलेलं नाही. १८८९ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं गेलं होतं. १८९५ मध्ये जर्मनीतल्या फाइन कंपनीने हातात धरायचं विजेचं ड्रिल आणलं. त्याचं वजन होतं साडेसात किलो! दोन बाजूंना दोन हँडल, मागे छातीला टेकवायची पाटी. छातीने रेटा द्यायचा आणि दोन्ही हातांनी सावरायचं. म्हणजे मशीन होतं, पण ते चालवायला अंगात रग लागायची. सुताराचा सामता आणि गिरमिट यापेक्षा हलके होते, हे वेगळं सांगायला नको.

ब्लॅक आणि डेकरने मशीनपेक्षा त्याच्या पकडीचा विचार केला. कंपनीत पुढे सांगितली जाणारी कथा अशी की, समोर कोल्टचं पिस्तूल होतं आणि ते बघून दोघांना सुचलं. वजनदार लोखंडी वस्तू एका हातात धरायची, नेम धरायचा आणि पकड न सोडता बोटाने चालवायची, हा प्रश्न बंदूकवाल्यांनी आधीच सोडवलेला होता. तीच मूठ आणि तोच ट्रिगर ड्रिलला लावला तर?

१९१४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ मध्ये ते मिळालं. तोवर, १९१६ मध्ये, अर्धा इंच चकचं ते मशीन बाजारात उतरलं होतं.

मूठ दिसते, म्हणून तिचं कौतुक होतं. पण टूल अँड डायवाल्या माणसाची खरी करामत पोटात होती, ती म्हणजे युनिव्हर्सल मोटर. त्या काळी अमेरिकेत एका भागात एसी वीज तर दुसऱ्या भागात डीसी, असा सगळा कारभार होता. युनिव्हर्सल मोटरमध्ये बाहेरची आणि आतली, दोन्ही गुंडाळ्या एकाच ओळीत जोडलेल्या असतात. विजेची दिशा उलटली की दोन्हींमधली दिशा एकदमच उलटते, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. वीज कुठलीही द्या, मोटर पळते. शिवाय आकाराने लहान आणि ताकदीने दणकट.

तिचा एक दोष आहे. ती फार वेगाने फिरते, आणि तेवढ्या वेगाने पोलादात जाड बिट फिरवलं तर ते जळून जाईल. म्हणून मोटर आणि चक यांच्या मध्ये गिअर बसवायचे. गिअर वेग कमी करतात आणि तेवढीच पिळायची ताकद वाढवतात. आज तुमच्या घरातल्या वायरवाल्या ड्रिलमध्ये साधारण हीच मांडणी आहे. मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसतात ना, त्या याच मोटरच्या कार्बन ब्रशच्या. ब्रश झिजतात आणि बदलता येतात. मशीन अचानक बंद पडलं की भंगारात द्यायच्या आधी ते एकदा बघून घ्या.

मशीन चाललं. १९१७ मध्ये बाल्टिमोरजवळच्या टाऊसन गावात स्वतःचा कारखाना उभा राहिला. १९१९ मध्ये वर्षाची विक्री दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. गहाण टाकलेल्या घरापासून इथवर यायला नऊ वर्षं लागली.

पुढची काही वर्षं ब्लॅकची होती. गडी विकण्यात पक्का. त्याने बसगाड्यांमध्ये मशीनं मांडली आणि गावोगावच्या दुकानदारांना, कामगारांना चालवून दाखवायला पाठवल्या. १९२९ मध्ये तर थेट विमानच घेतलं आणि त्याचं उडतं शोरूम केलं. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला.

मंदीने टाऊसनलाही सोडलं नाही. कंपनी बुडता बुडता राहिली, माणसं कमी करावी लागली. डेकरचा मुलगा, त्याचंही नाव अलॉन्झो, कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर होऊन १९३० मध्ये कंपनीत आला होता. मंदीत त्याचीही नोकरी गेली आणि नंतर तो साध्या मजुरीवर परत आला. मालकाचा मुलगा म्हणून वेगळी खुर्ची मिळाली नाही. बापाबद्दल यातून जे कळतं ते कुठल्याही पेटंटमधून कळत नाही.

एक लक्षात घ्या. तोवर हे सगळे ग्राहक कारखानेवाले, गॅरेजवाले आणि बांधकामवाले होते. ज्याच्या पोटापाण्याचा धंदा आहे त्यानेच ड्रिल घ्यायचं, अशीच रीत होती. घरमालकाने विजेचं ड्रिल विकत घ्यावं हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं, कारण मशीन महाग आणि जड होतं, आणि वर्षातून चार भोकांसाठी एवढा खर्च कोण करणार?

उत्तर मिळालं ते चोरीतून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कारखाने रात्रंदिवस चालू होते. त्यात कधीही यंत्राला हात न लावलेले लोक कामाला आले आणि ड्रिल चालवायला शिकले. मग कारखान्यांतून मशीनं गायब व्हायला लागली आणि नव्या मागण्या येत राहिल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की कामगार घरी काही ठोकठाक करायला मशीनं घेऊन जात होते आणि परत आणत नव्हते.

दुसऱ्या कोणी पहारा वाढवला असता. धाकट्या डेकरने यात गिऱ्हाईक पाहिलं.

१९४६ मध्ये कंपनीने घरगुती वापरासाठी वेगळी ड्रिल आणली. पाव इंचाचं चक, किंमत १७ डॉलरच्या आसपास. थोरला डेकर तेव्हा साठी ओलांडलेला होता आणि ज्या कंपनीसाठी त्याने घर गहाण टाकलं होतं तिचं नाव या स्वस्त मशीनवर लागणार होतं.

आणि इथेच तो प्रश्न येतो, जो आज हार्डवेअरच्या दुकानात काउंटरपुढे उभं राहिल्यावर आपल्याला पडतो. हलक्या कामाचं मशीन घ्यायचं म्हणजे दुय्यम मशीन घ्यायचं का?

याचं उत्तर मशीनच्या पोटात आहे. कारखान्यातलं ड्रिल आठ-आठ तास चालतं. त्याची मोटर तेवढी उष्णता सोसेल अशी हवी, बेअरिंग तशी हवीत, म्हणून वजन आणि किंमत वाढते. घरातलं ड्रिल एका वेळी दोन-चार मिनिटं चालतं आणि मग थंड होतं. त्याला तेवढ्याच कामाची मोटर पुरते. हातात हलकं असल्यामुळे शिडीवर उभं राहून नवख्या माणसालाही ते सावरता येतं. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा आपण त्याच्याकडून दिवसभराचं काम एका दमात करून घेतो.

याच कुटुंबात आणखी एक भाऊबंद आहे, रोटरी टूल. १९३२ मध्ये अल्बर्ट ड्रेमेल या मूळच्या ऑस्ट्रियातल्या माणसाने अमेरिकेतल्या रसीन गावात कंपनी काढली आणि पेनासारखं धरायचं मशीन आणलं. आज कुठल्याही कंपनीचं असलं तरी लोक त्याला सरसकट ड्रेमेलच म्हणतात. जुन्या वायरवाल्या रोटरी टूलमध्येही मोटर याच जातीची असते, फक्त मध्ये गिअर नसतात. बिट जवळजवळ थेट मोटरच्या दांड्यावर. त्यामुळे त्याचा वेग मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेऱ्यांपर्यंत जातो आणि घरगुती ड्रिलचा साधारण तीन हजारांच्या आतबाहेर राहतो. पण गिअर नाहीत म्हणून पिळायची ताकदही नाही. जोर लावला की रोटरी टूल जागच्या जागी थांबतं.

म्हणजे गंजलेला स्क्रू कापायचा, लाकडावर नक्षी कोरायची, काचेवर नाव लिहायचं, सर्किट बोर्डला बारीक भोक पाडायचं तर रोटरी टूल. पडद्याच्या रॉडसाठी भिंतीत खुंटी बसवायची तर ड्रिल, आणि भिंत काँक्रीटची असेल तर ठोके देणारं हॅमर ड्रिल. एकच मशीन दोन्ही कामं करेल असं दुकानदार म्हणाला तर त्याच्याच हातात देऊन करून बघायला सांगा. आणि दोन्ही वेळी डोळ्यांवर चष्मा हवा. तीस हजार फेऱ्यांनी फिरणारी कापायची चकती फुटली तर तिचे तुकडे कुठल्या दिशेने जातील हे कोणी सांगू शकत नाही.

१९४६ च्या त्या पाव इंची ड्रिलला कंपनीने जोडणीचं सामानही दिलं. घासायची, पॉलिशची चकती लावा आणि त्याच मोटरवर काम करा. युद्धावरून परतलेले सैनिक घरं बांधत होते, आणि घर म्हटलं की फळ्या, कपाटं, कुंपण आलंच. पाच वर्षांत अशी दहा लाख ड्रिल विकली गेली. गल्लीतल्या गॅरेजमधलं छोटं वर्कशॉप हा अमेरिकेत शौक झाला.

१९५१ मध्ये ब्लॅक गेला. एवढी वर्षं अध्यक्षाची खुर्ची त्याची होती, डेकर दुसऱ्या क्रमांकावर. आता अध्यक्षपद डेकरकडे आलं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. त्याने ते पाच वर्षं सांभाळलं आणि १९५६ मध्ये तोही गेला. १९६० मध्ये धाकटा डेकर अध्यक्ष झाला आणि पुढच्याच वर्षी कंपनीने वायर नसलेलं, बॅटरीवरचं ड्रिल बाजारात आणलं.

१९७१ मध्ये कंपनीचं बॅटरीवरचं तंत्र अपोलो १५ मोहिमेच्या ड्रिलमध्ये बसून चंद्रावर पोचलं. अंतराळवीर डेव्हिड स्कॉटला जवळपास तीन मीटर खोल भोक पाडायचं होतं. ते जेमतेम निम्म्यावर अडलं. मोटर ठीक होती. बिटच्या अंगावरच्या ज्या खाचांतून भुसा बाहेर येतो, त्या खाचा जोडांपाशी उथळ होत्या आणि चंद्राची माती तिथे अडकून बसली होती. नमुन्यासाठी जमिनीत घातलेली दुसरी नळीही रुतली आणि ती उपसून काढायला दोन अंतराळवीरांना खांदा लावावा लागला. पुढच्या मोहिमेआधी त्या खाचा नव्याने कापल्या गेल्या. टूल अँड डायचं काम होतं, अगदी डेकरच्या हातचं.