पंडिता रमाबाई आणि केडगांवचें उज्जीवन

गेल्या माघ महिन्यांत उज्जीवन सभांचीं पत्रकें छापून घेण्यासाठीं आम्ही पुण्यास बुधवार पेठेंत गेलों होतों. छापखान्याच्या मालकानें कागद, आकार व प्रती यांविषयीं विचारून घेतल्यावर तारीख विचारली, आणि तेथेंच आमचें अडलें. मंडळीच्या पंचांत तारखेविषयीं एकमत झालें नव्हतें. कोणाचें म्हणणें, गहूं-हरभरा घरांत आल्यावर सभा घ्याव्या. कोणाचें म्हणणें, ऊसतोडणीस गेलेलीं कुटुंबें परत येईपर्यंत थांबावें. निम्मी मंडळी कारखान्यावर असतां उज्जीवन कोणाचें करावयाचें? तिसरा पक्ष असा कीं, ज्या वक्त्यांस बोलवावयाचें त्यांस जे दिवस मोकळे तेच आपले दिवस. दोन वर्षांपूर्वीं आम्हींच हट्टानें ज्वारीच्या सुगींत सभा ठेविल्या होत्या, आणि तीन रात्री मांडवांत माणसांपेक्षां सतरंज्या अधिक दिसत होत्या. म्हणून यंदा आमच्या शब्दास फारसें वजन नव्हतें. आम्ही मालकास तारखेची जागा कोरी ठेवावयास सांगितलें व बाहेर पडलों.

ह्या पेठेंत भिडे वाडा होता. जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली ती तेथें. तो वाडा आतां उरला नाहीं. त्याच पेठेच्या कांहीं गल्ल्यांत फसवून आणलेल्या स्त्रिया आजही दिवस कंठीत आहेत, व त्यांच्या दारावरून जातांना पुष्कळ भले लोक मान खालीं घालून पावलें जलद उचलितात. आम्हींही तेंच केलें, हें येथें कबूल करितों. मग मनांत पंडिता रमाबाईंची आठवण आली. ह्याच शहरांत त्यांनीं स्त्रियांची बाजू घेतली, मान खालीं न घालतां अशा स्त्रियांसाठीं घर बांधिलें, आणि उज्जीवन केव्हां व कसें येतें हा प्रश्न आमच्या पंचांच्या कितीतरी आधीं मनांत धरून त्या गुडघ्यांवर बसल्या. त्यांचें चरित्र वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. तथापि तें त्या प्रश्नाच्या अंगानें पुन्हां सांगावें असें वाटतें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं कर्नाटकाच्या बाजूस सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. लोकांचा विरोध सोसून त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, आणि आईनें तें मुलीस दिलें. पुढें हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडूं लागलें. त्यांचें सारें आयुष्य पंचांगाच्या हातीं होतें. अमुक पर्वणीस अमुक नदीचें स्नान, अमुक तिथीस उपास, अमुक वारीं दान. पुण्य मिळावयाचें तें नेमल्या घटकेसच. मग मोठा दुष्काळ पडला. जवळचें होतें तें दानधर्मांत संपलें होतें. १८७४ च्या सुमारास आईबाप गेले, थोरली बहीणही गेली, आणि रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास अनवाणी, उपाशी, शेंकडों कोस चालत राहिलीं. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पण दोनच वर्षांत भाऊ वारला. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधवी यांजशीं विवाह झाला, मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या आरंभीं पटकीनें पतिही गेले.

त्याच सालीं लहानग्या मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें साक्ष देऊन स्त्रियांस शिक्षिका व वैद्य केलें पाहिजे असें प्रतिपादिलें. १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या, आणि २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यांत मोठा गदारोळ उठला. जोतीरावांनीं मात्र १८८५ सालीं आपल्या सत्सार ह्या पुस्तिकेंत त्यांची बाजू घेतली. पुढें अमेरिकेंत मदत उभी करून त्या १८८९ सालीं परत आल्या, मुंबईस शारदा सदन उघडलें, व पुढल्याच वर्षीं तें पुण्यास आणिलें. १८९३ सालीं मुली ख्रिस्ताकडे वळतात अशी ओरड झाली, सल्लागार मंडळांतून रानडे व भांडारकर यांसारख्यांनीं अंग काढून घेतलें, आणि पालकांनीं पुष्कळ मुली परत नेल्या. ही हकीकत सर्वश्रुत आहे; तिचा विस्तार नको.

ह्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं रमाबाईंस आपलें अंतःकरण अजून रिकामें आहे असें कळून आलें. धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडावयाचा होता, असें त्यांनीं पुढें आपल्या साक्षींत मोकळेपणानें लिहिलें. एवढी विद्वान बाई, आणि एवढी सरळ कबुली! आम्हां पाळकांस ती जड जाते. तेव्हांपासून त्या सभांस जाऊं लागल्या. लोणावळ्यास त्या काळीं मिशनांची कँप मीटिंग भरत असे. दुष्काळापूर्वीं एकदां त्या तेथें आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींस घेऊन गेल्या. पहांटे रानांत एकीकडे बसून त्यांनीं ह्या पंधरा मुलींच्या पंधरापट मुली मिळाव्या अशी प्रार्थना केली. पंधरापट म्हणजे सव्वादोनशें. शारदा सदनांत तेवढ्यांस जागाही नव्हती.

लवकरच, १८९६-९७ सालीं, मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथें गेल्या. लहानपणची भूक त्यांच्या अंगांत होती, आणि उपाशी मुलींभोंवतीं दुष्ट लोक कसे घिरट्या घालितात हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. सुमारें तीनशें मुली त्यांनीं आणिल्या. पुण्यांत प्लेग चालू होता; सरकारचे निर्बंध कडक; शहरांत त्यांस ठेवणें अशक्य झालें. तेव्हां पुण्याहून सुमारें चाळीस मैलांवर, सोलापूरच्या लोहमार्गावर केडगांव येथें घेतलेल्या जमिनीवर त्यांनीं त्या मुली नेल्या. तेंच मुक्ती सदन. १८९९ त फसलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर वस्ती दोन हजारांच्या जवळपास गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, हजारों माणसें मावतील असें मंदिर, सारें त्या माळावर उभें राहिलें.

इतकें असूनही बाईंस समाधान नव्हतें. मुली धडे म्हणत, गीतें गात, बाप्तिस्मा घेत. पण चोरी, खोटें, भांडण जेथल्या तेथें. १९०२ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न शहरीं टोरी साहेबांच्या सभांपूर्वीं घरोघर प्रार्थना-मंडळें बसलीं होतीं, हें त्यांनीं ऐकिलें. पुढें मनोरमाबाईंस व मिनी एब्रम्स बाईंस तिकडे धाडिलें. वेल्स देशांत १९०४ च्या अखेरीस जें घडलें त्याची वार्ताही आली. जानेवारी १९०५ त रमाबाईंनीं मुलींस विचारिलें कीं, रोज सकाळीं माझ्याबरोबर प्रार्थनेस कोण येईल. सत्तर जणी आल्या. मागणें आपल्यापुरतें नव्हतें. सर्व देशांतील ख्रिस्ती लोकांवर आत्मा ओतिला जावा हें होतें. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल गेले. कांहीं झालें नाहीं. सत्तरांच्या मात्र वाढत वाढत साडेपांचशें झाल्या, आणि जूनपर्यंत दिवसांतून दोनदां बसूं लागल्या.

येथें आमच्या कॅटेकिस्ट बंधूंनीं थोडें थांबावें. सहा महिन्यांत त्या सभेची जाहिरात निघाली नाहीं, वक्ता नेमिला नाहीं, शेवटचा दिवस ठरविला नाहीं. पण वेळ मात्र नेमलेली होती. रोजची, सकाळची, न चुकणारी. दोन हजार तोंडांचें दळणकांडण सांभाळून ती वेळ राखावयाची हें कांहीं सोपें काम नव्हे. ज्या बायांनीं पहांटे जात्यावर बसून मग मंदिर गांठलें असेल त्यांस तें विचारावें.

जूनच्या अखेरीस बाईंनीं खेड्यांत शुभवर्तमान सांगण्यास जाणाऱ्या मुली मागितल्या. तीस जणी पुढें झाल्या. त्या सामर्थ्यासाठीं प्रार्थना करीत असतां २९ जूनच्या रात्रीं, पहांटेच्या सुमारास, एका मुलीस आत्म्याचा स्पर्श झाला. मुक्तींत अशी गोष्ट सांगतात कीं, तिच्या अंगावर ज्वाळा दिसल्या म्हणून जवळची बाई पाण्याची बादली आणावयास धांवली. दुसऱ्या दिवशीं रमाबाई नेहमींच्या शांत रीतीनें योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावीत होत्या, तों सभेंतील मुली मोठ्यानें रडूं लागल्या व पापांची कबुली देऊं लागल्या. बाईंस बोलणें थांबवावें लागलें. शाळा कांहीं दिवस बंद राहिल्या; प्रार्थना सकाळपासून रात्रीपर्यंत चालली. शेंकडों जणी एकदम मोठ्यानें प्रार्थना करीत.

हा गलबला पुष्कळ मिशनऱ्यांस रुचला नाहीं. खरें पाहतां प्रथम स्वतः रमाबाईंसही तो आवरावा असें वाटलें होतें. पण देवाच्या कामांत आपण आडवें येऊं नये, आणि ह्या देशाच्या लेंकरांनीं आपल्या रीतीनें रडावें-हंसावें, त्यांस परक्या शिस्तींत कोंबूं नये, असें ठरवून त्यांनीं हात आंखडला. पुढें १९०६ च्या अखेरीस कांहीं मुली अन्य भाषा बोलूं लागल्या तेव्हां त्यांनीं तें दान म्हणून स्वीकारिलें. आत्म्याची ती एकच खूण असें मात्र मानिलें नाहीं. ह्या मुद्द्यावर आज पेंटेकोस्टल बंधूंत व आपणांत जो वाद होतो, त्यांत दोघांसही बाईंचें नांव आपल्या बाजूस घेतां येतें हें पाहून आम्हांस हंसूं येतें.

मग सारें त्यांनीं पुन्हां वेळापत्रकांत बसविलें! सुमारें सातशें मुलींनीं प्रार्थना व उपदेश यांसाठीं नांवें दिलीं. त्यांच्या टोळ्या पाडिल्या. रोज साठाच्या आसपास आळीपाळीनें आसपासच्या गांवीं जात. म्हणजे प्रत्येकीची पाळी सुमारें बारा दिवसांनीं येई, मधले दिवस शाळा, शेत व चूल यांचे. आत्मा आला तो न सांगतां, पण आल्यावर त्याच्या कामास पाळ्या लावाव्या लागल्या.

लॉस एंजेलिस शहरीं अझुसा रस्त्यावरील सभा सुरू झाल्या त्या एप्रिल १९०६ त, मुक्तीच्या मागून. तेथें सुमारें तीन वर्षें रोज सभा चालल्या. पेंटेकोस्टल मंडळ्यांचा उगम पुष्कळ लोक तेथेंच सांगतात. पण एब्रम्स बाईंनीं मुक्तीची हकीकत एका लहान पुस्तकांत लिहिली, तें पुस्तक दक्षिण अमेरिकेंत चिली देशीं त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीस, हूव्हर बाईंस, मिळालें, आणि १९०९ सालीं वालपरायसो येथें जें उज्जीवन झालें त्यांतून त्या देशाच्या पेंटेकोस्टल मंडळ्या निघाल्या. केडगांवच्या माळावरील दुष्काळी मुलींची प्रार्थना समुद्रापलीकडे गेली ती अशी.

आतां काळ निराळा आहे. केरळांत कुंबनाडचें पेंटेकोस्टल अधिवेशन जानेवारींत, मार्थोमा मंडळीचें मारामण फेब्रुवारींत नदीच्या कोरड्या वाळवंटांत, असे दिवस पिढ्यानुपिढ्या ठरलेले आहेत. आपल्याकडील पेंटेकोस्टल मंडळ्या शुक्रवारीं उपास-प्रार्थना, महिन्यांतून एक रात्र जागरण, व नव्या वर्षाच्या आरंभीं कित्येक दिवसांचा उपास ठेवितात. मोठ्या सभा तीन संध्याकाळच्या. ध्वनिवर्धक रात्रीं दहास बंद करावा लागतो, म्हणून संदेश साडेनवास आटोपावा लागतो. आमचे वडील चांदण्याचा पंधरवडा पाहून सभा नेमीत, कारण लोकांस रानांतून पायीं घरीं जावयाचें असे. ह्यांत दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. शेतकऱ्यास सुगी सोडून या असें सांगणें अन्याय आहे. तो आम्हीं एकदां केला. पण मुक्तीच्या त्या जानेवारी ते जून ह्या महिन्यांची जागा आमच्या पत्रकांत कोठें आहे, हें बुधवार पेठेच्या रस्त्यावर आमच्या ध्यानांत येईना.

रमाबाईंनीं उर्वरित आयुष्य केडगांवींच काढिलें. साध्या बायांस कळेल अशा मराठींत सबंध पवित्र शास्त्र उतरविण्यासाठीं त्या उतारवयांत इब्री व ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या मुलींनींच तें जुळविलें व छापिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. एकुलती लेंक, जिच्या हातीं सारें सोंपवावयाचें ती. तरी बाई मुद्रितें तपाशीत राहिल्या, तीं पुरीं केलीं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं पहांटे झोंपेंतच प्रभूकडे गेल्या. ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ त.

सायंकाळीं आम्ही छापखान्यांत परत गेलों. ऊसतोडणीचीं कुटुंबें परतल्यानंतरचे तीन दिवस तारखेच्या जागीं घातले, आणि त्यांच्या वर एक ओळ अधिक छापावयास सांगितली: त्या आधींचे चाळीस दिवस रोज पहांटे पांचास मंदिरांत प्रार्थना. मालकानें ओळ वाढल्याचे पैसे घेतले नाहींत. पहिल्या पहांटे कॅटेकिस्टाची पत्नी, दोन विधवा व आम्ही, असे चौघे होतों.