टीपकागदाची गाळणी

आपल्या घरी रोज चहा होतो. चहा उकळला की आपण तो गाळणीतून कपात ओततो. गाळणीत चोथा राहतो आणि कपात स्वच्छ चहा उतरतो. गाळणी ही इतकी साधी वस्तू आहे की तिच्याकडे कोणी लक्षही देत नाही. ती हरवली म्हणजे मात्र तिची किंमत कळते. मग कोणी फडक्याने चहा गाळतो, कोणी चोथा खाली बसण्याची वाट बघतो. एवढे करूनही शेवटच्या घोटाबरोबर तोंडात पत्ती येतेच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतील एका गृहिणीला अशीच अडचण रोज येत होती. त्यांच्या कपात चहा नव्हता, कॉफी होती. ही अडचण घरोघरच्या बायकांना ठाऊक होती, पण सगळ्याजणी ती मुकाट्याने सोसत होत्या. या बाईंनी ती सोसली नाही. त्यांचे नाव मेलिटा बेंट्झ.

मेलिटा यांचा जन्म ३१ जानेवारी १८७३ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन या शहरात झाला. त्यांचे माहेरचे आडनाव लीबशर होते. त्यांचे वडील पुस्तकांचे प्रकाशक होते. पुढे ह्यूगो बेंट्झ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना विली आणि होर्स्ट असे दोन मुलगे झाले. धाकटी मुलगी हेर्टा हिचा जन्म नंतर, १९११ साली झाला. घर, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास यांतच मेलिटाबाईंचा दिवस जाई. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. होते ते फक्त घरचे स्वयंपाकघर.

मेलिटाबाईंची अडचण समजण्यासाठी आधी कॉफी कशी होते ते पाहू या. कॉफीच्या झाडाला लाल फळे लागतात. प्रत्येक फळात बहुधा दोन बिया असतात. वाळवलेल्या बिया हिरवट दिसतात आणि त्यांना कॉफीचा वास मुळीच नसतो. त्या भाजल्या म्हणजे तपकिरी होतात आणि त्यांचा सुगंध घरभर दरवळतो. भाजलेल्या बिया दळून पूड करतात आणि ती पूड गरम पाण्यात घालून तिचा अर्क काढतात. पूर्वी युरोपातील अनेक घरांतून कच्च्या बिया विकत आणून त्या चुलीवर तव्यात भाजत आणि हाताच्या छोट्या चक्कीवर दळत.

कॉफी पिण्याची चाल युरोपात सुरू झाली नाही. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या इबादतीत झोप येऊ नये म्हणून कॉफी पीत असत. कॉफी हा शब्दही आपल्या ओळखीच्या कहवा या अरबी शब्दावरूनच आलेला आहे. आपल्या देशात बाबा बुदन नावाच्या बुजुर्गांनी हजहून परतताना येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया आणल्या, असे सांगतात. कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या डोंगरांना आजही त्यांचे नाव आहे. कहवा अरबस्तानातून तुर्कस्तानात गेला आणि तेथून युरोपभर पसरला. मेलिटाबाईंच्या काळापर्यंत जर्मनीत सकाळची कॉफी ही रोजची गरज झाली होती.

पण ती करायची पद्धत काही चांगली नव्हती. बहुतेक घरांत पूड पाण्यात टाकून उकळत किंवा पुडीवर उकळते पाणी ओतून तसेच ठेवत. त्यामुळे दोन गोष्टी होत. एक तर बारीक गाळ कपात येई आणि पिताना दातांत अडके. दुसरे म्हणजे पूड फार वेळ पाण्यात राहिल्याने कॉफी कडू होई. कॉफीतील चांगला स्वाद पाण्यात लवकर उतरतो. कडवट अंश मागाहून येतो. म्हणून पाणी आणि पूड यांचा सहवास थोडाच वेळ हवा. काही घरांत कापडातून कॉफी गाळत, पण ते फडके दर वेळी धुवावे लागे. शिवाय त्याला जुन्या कॉफीचा वास राही. चिनी मातीच्या आणि धातूच्या गाळण्याही होत्या. परंतु त्यांची भोके मोठी असत आणि त्यांतून गाळ खाली येई.

मेलिटाबाईंना कॉफीची आवड होती. कपाच्या तळाशी साचलेला तो काळा गाळ आणि जिभेवर राहणारा तो कडवटपणा यांचा त्यांना कंटाळा आला होता. १९०८ साली त्यांनी यावर उपाय शोधायचे ठरवले. त्यांनी पितळेचे एक भांडे घेतले. हातोडी आणि खिळा घेऊन त्याच्या बुडाला भोके पाडली. घरातले चांगले भांडे असे फोडायला कोणतीही गृहिणी सहज तयार होणार नाही. प्रयोग फसला असता, तर ते भांडे कायमचे वाया गेले असते.

पण नुसत्या भोकांनी गाळ थोडाच अडणार होता? भोकांवर असे काहीतरी हवे होते, की जे पाणी जाऊ देईल पण पूड अडवील. त्या वेळी त्यांना विलीची शाळेची वही आठवली. त्या काळी मुले दौत आणि टाकाने लिहीत. जास्तीची शाई टिपण्यासाठी वहीत टीपकागद ठेवलेला असे. उर्दूत आपण त्याला सियाहीचूस म्हणतो. मेलिटाबाईंनी त्या टीपकागदाचा एक गोल तुकडा कापला. तो भांड्याच्या बुडाशी बसवला, त्यावर कॉफीची पूड घातली आणि वरून गरम पाणी ओतले.

पाणी पुडीतून झिरपले, कागदातून गाळले गेले आणि भोकांतून थेंब थेंब खालच्या भांड्यात पडू लागले. खाली उतरलेली कॉफी स्वच्छ होती. तिच्यात गाळ नव्हता. पूड पाण्यात पडून राहिली नव्हती, म्हणून कडवटपणाही कमी होता. काम संपल्यावर कागद चोथ्यासकट उचलून टाकून दिला की झाले! धुण्याची, घासण्याची कटकट नाही. या कागदाचा आणखी एक उपयोग पुढे संशोधनातून कळला. कॉफीच्या तेलकट अंशात रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवणारी द्रव्ये असतात. कागद ती बऱ्याच प्रमाणात अडवतो. मेलिटाबाईंना ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांना फक्त चांगली कॉफी हवी होती.

मेलिटाबाईंनी ओळखीच्या बायकांना घरी बोलावून ही कॉफी पाजली. सर्वांना ती आवडली. एखादी दुसरी बाई असती, तर एवढ्या कौतुकावरच समाधान मानून थांबली असती. मेलिटाबाई थांबल्या नाहीत. त्याच वर्षी, म्हणजे १९०८ साली, त्यांनी बर्लिनच्या सरकारी कार्यालयात आपल्या गाळणीची स्वतःच्या नावाने नोंद केली. त्यामुळे त्यांच्या परवानगीशिवाय ही गाळणी तयार करण्याची इतरांना मनाई झाली. त्या काळी जर्मनीतील स्त्रियांना मत देण्याचाही हक्क नव्हता. तो त्यांना १९१८ साली मिळाला. बाईने घर सांभाळावे आणि धंदा पुरुषांनी करावा, अशी तेव्हाची समजूत होती. अशा काळात एका गृहिणीने आपल्या कल्पनेवर आपलाच हक्क सांगितला, ही गोष्ट लहान नव्हे.

१५ डिसेंबर १९०८ रोजी त्यांच्या कंपनीची नोंदणी झाली. कंपनीचे भांडवल होते ७३ फेनिग. शंभर फेनिगचा एक मार्क होतो. म्हणजे हे भांडवल पुरते एक मार्कही नव्हते! कंपनीची जागा म्हणजे राहत्या घरातील एक खोली. कंपनीचे नोकर म्हणजे नवरा आणि दोन मुलगे. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून त्यांनी गाळणीची भांडी करून घेतली. घरी कागद कापणे, खोकी भरणे अशी कामे चालत. विली आणि होर्स्ट हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे माल पोहोचवत.

१९०९ साली लाइपझिग शहरातील मोठ्या जत्रेत बेंट्झ कुटुंबाने आपली गाळणी मांडली. जर्मनीतील व्यापारी या जत्रेला आवर्जून येत. तेथे बाराशेहून अधिक गाळण्या विकल्या गेल्या. पुढे प्रदर्शनांत पदकेही मिळाली. घरातली खोली अपुरी पडू लागली. मोठी जागा घ्यावी लागली आणि कामाला माणसे ठेवावी लागली.

धंदा नुकताच बाळसे धरत होता, तोच १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. ह्यूगो यांना सैन्यात बोलावणे आले. धातू युद्धाच्या कामासाठी जाऊ लागला. कागद मोजूनमापून मिळू लागला. ब्रिटिश आरमाराने जर्मनीची समुद्रावरील वाट अडवली, त्यामुळे परदेशातून कॉफी येणे जवळजवळ बंद झाले. ज्या गाळणीला लागणारा धातू नाही, कागद नाही आणि तिच्यात घालायला कॉफीही नाही, ती विकणार कशी? मेलिटाबाईंच्या पदरात लहान मुलगी होती आणि नवरा रणांगणावर होता. पण त्यांनी हातपाय गाळले नाहीत. पुठ्ठ्याची खोकी विकून त्यांनी घर चालवले. युद्ध संपल्यावर गाळणीचे काम पुन्हा नव्याने उभे केले.

हळूहळू मागणी इतकी वाढली की कारखान्यात दोन पाळ्यांत काम चालू लागले. ड्रेस्डेनमध्ये पुरेशी जागा मिळेना, म्हणून १९२९ साली कारखाना मिंडेन या गावी गेला. गाळणीतही सुधारणा होत गेल्या. आरंभी तिचा तळ सपाट होता. १९३० नंतरच्या दहा वर्षांत तिला खाली निमुळता होत जाणारा आकार मिळाला. त्यात बरोबर बसणारी कागदी पिशवीही निघाली. आज दुकानांत दिसते ती हीच गाळणी.

१९३२ साली मेलिटाबाईंनी कंपनीचा मोठा वाटा मुलांकडे सोपवला. पण कामगारांकडे त्यांचे लक्ष राहिले. कामगारांना नाताळात बोनस मिळू लागला. वर्षाची रजा सहा दिवसांवरून पंधरा दिवस झाली आणि आठवड्यातून पाचच दिवस काम ठेवण्यात आले. १९३८ साली अडचणीतल्या कामगारांना मदत करण्यासाठी एक निधीही सुरू झाला. कधीकाळी स्वतःच्या घरात रात्रंदिवस राबलेल्या बाईला विश्रांतीची किंमत ठाऊक होती.

याच काळात जर्मनीवर हिटलरच्या नाझी पक्षाची राजवट होती. तेव्हा कंपनीचा कारभार मेलिटाबाईंच्या मुलांच्या हाती होता. कंपनीने त्या जुलमी राजवटीशी जुळवून घेतले आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी गरजेचा माल तयार केला. कंपनीच्या इतिहासातील हे पान उजळ नाही, पण ते वगळून तिची गोष्ट पुरी होत नाही. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने कारखान्याची मुख्य इमारत आपल्या ताब्यात घेतली. १९४८ साली गाळण्यांचे आणि कागदाचे काम पुन्हा सुरू झाले. मेलिटाबाईंनी आपला धंदा उभा राहताना दोनदा पाहिला आणि दोनदा थांबतानाही पाहिला. २९ जून १९५० रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी कारखाना पुन्हा चालू झालेला होता.

आज कॉफी करण्याची नाना तऱ्हेची साधने निघाली आहेत. जगभरातले शौकीन लोक हिरव्या बिया घरी आणतात, छोट्या यंत्रात भाजतात, भाजताना बियांचा तडतड आवाज कान देऊन ऐकतात, ताज्या दळतात, पूड काट्यावर तोलतात आणि पाण्याची उष्णता मोजतात. काहींची यंत्रे फार महाग असतात. तरीसुद्धा त्यांच्यापैकी कितीतरी जण शेवटी कागदाची एक साधी गाळणी घेतात आणि तिच्यावर हळूहळू गरम पाणी ओततात. मेलिटाबाईंनी १९०८ साली आपल्या स्वयंपाकघरात हेच केले होते.

मेलिटाबाईंनी वापरलेल्या वस्तू कोणत्या होत्या? एक भांडे, एक खिळा, एक हातोडी आणि मुलाच्या वहीतला टीपकागद. यांतली एकही वस्तू दुर्मीळ नव्हती. विलीच्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या वहीत तसाच टीपकागद होता आणि प्रत्येकाच्या घरी कपाच्या तळाशी तसाच गाळ साचत होता. या दोन गोष्टी एकत्र आणण्याचे मात्र एकाच बाईला सुचले. रोजची अडचण आपण सवयीने सोसत राहतो आणि मग ती आपल्याला दिसेनाशी होते. मेलिटाबाईंना ती दिसली. उद्या सकाळी चहा गाळताना आपल्या घरातल्या गाळणीकडे एकदा नीट पाहा. तीही कधीतरी कोणाच्या तरी अडचणीतूनच जन्माला आली असेल.