विद्यार्थी दामोदर कोसंबी

गोमंतकाने भारताला दिलेल्या विद्वानांची नामावळी सांगू लागले की, धर्मानंद आणि दामोदर या कोसंबी पितापुत्रांपाशी आपण क्षणभर थांबतोच. त्यांपैकी दामोदर कोसंबी यांचे नाव आज प्राचीन भारताच्या इतिहासाचे भाष्यकार म्हणून सर्वतोमुखी आहे. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा प्रास्ताविक ग्रंथ, त्यानंतरचे मिथक आणि वास्तव यांविषयीचे निबंध, भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती, यांवर विपुल लिहिले गेले आहे. परंतु हा मनुष्य विद्येच्या क्षेत्रात शिरला कसा, पहिली पावले त्याने कोणत्या वाटेवर टाकली आणि त्यांची किंमत काय मोजली, याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. आपले वाचनालय ज्या दशकात उभे राहिले, त्याच दशकात कोसंबी अमेरिकेत पदवीचा अभ्यास करीत होते. तेव्हा या ग्रंथात त्यांच्या त्या वर्षांचे स्मरण करणे उचित ठरावे.

मुलाची कथा सांगायची तर ती पित्यापासून सुरू करावी लागते. धर्मानंदांचा जन्म १८७६ मध्ये साखवाळ येथे झाला. घरची नारळी-पोफळीची बागायत सांभाळणाऱ्या या तरुणाचे औपचारिक शिक्षण बेताचेच. वाचनाची भूक मात्र दांडगी होती. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मराठी पुस्तके आणि नियतकालिके मिळवून वाचणे हे त्या काळी सोपे काम नव्हते. अशाच वाचनात ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरचा एक लेख त्यांच्या हाती पडला आणि त्याने त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. हे मासिक मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे! ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मासिकाने एका सारस्वत तरुणाला बुद्धाकडे न्यावे आणि पुढे बुद्धविद्येनेच त्याला अमेरिकेत पोहोचवावे, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून धर्मानंदांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि शेवटी श्रीलंका अशी ती वणवण होती. या तपश्चर्येचे आपण आदराने स्मरण करतो. तथापि मागे राहिलेल्या कुटुंबाने ती वर्षे कशी काढली असतील, याचाही विचार वाचकाच्या मनात यावा, असे मला वाटते.

पाली भाषेचे अधिकारी विद्वान होऊन धर्मानंद परतले आणि कलकत्त्यास अध्यापन करू लागले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले. अट इतकीच, की महाराष्ट्रात राहून काम करावे आणि वर्षाला एखादे पुस्तक लिहावे. धर्मानंदांनी ते मानले. या सुमारास, ३१ जुलै १९०७ रोजी, गोव्यात कोसबें येथे दामोदरांचा जन्म झाला. आजोबांचे नाव नातवाला मिळाले. घरी आणि स्नेह्यांत ते ‘बाबा’ म्हणून ओळखले जात.

१९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या प्रयत्नाने धर्मानंद प्रथम अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने अपुरे ठेवलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करावयाचे होते. दोन वर्षांनी श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद होऊन ते परतले आणि पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. १९१८ मध्ये पुन्हा हार्वर्डचे बोलावणे आले, तेव्हा थोरली कन्या माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले.

एका ग्रंथाच्या संपादनासाठी जाणाऱ्या पित्याचे बोट धरून हा मुलगा बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावात पोहोचला. तेथील प्राथमिक शाळेत एक वर्ष काढून १९२० मध्ये तो केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूलमध्ये दाखल झाला. बालवीर पथकात तो होता, भटकण्याची आणि शरीर कमावण्याची त्याला आवड होती. पुढे वयाच्या पन्नाशीत सह्याद्रीच्या घाटवाटा तुडवीत लेण्यांचा आणि ग्रामदेवतांचा माग काढणारे कोसंबी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही. याच गावात नॉर्बर्ट वीनर या असामान्य गणितज्ञाशी त्याचा स्नेह जुळला. वीनरचे वडील हार्वर्डमध्ये धर्मानंदांचे सहकारी होते. वीनर दामोदरपेक्षा तेरा वर्षांनी मोठा. पण बुद्धीला वयाचे बंधन नसते, त्याचे हे एक उदाहरण.

धर्मानंद १९२२ मध्ये भारतात परतले आणि अहमदाबादला गुजरात विद्यापीठात काम करू लागले. मुलगा मात्र शिक्षणासाठी तेथेच राहिला. शालान्त परीक्षेत त्याने इतके उज्ज्वल यश मिळविले की, हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेतून सूट मिळालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत त्याची गणना झाली. १९२४ मध्ये नाव नोंदले गेले. परंतु शिक्षण लांबणीवर टाकून तो स्वदेशी आला. गांधीजींच्या सहवासात वावरणाऱ्या पित्याजवळ त्याने काही काळ काढला. ज्या घरात बुद्धाचा अपरिग्रह आणि गांधींचा चरखा यांचा एकत्र वास होता, त्या घरात सतरा-अठरा वर्षांचा, अमेरिकेत वाढलेला हा तरुण काय विचार करीत असेल! जानेवारी १९२६ मध्ये पितापुत्र पुन्हा अमेरिकेला निघाले. ‘विसुद्धिमग्गा’चे काम पूर्ण करून धर्मानंद दीड वर्षाने परतले, दामोदरचा पदवीचा अभ्यास चालू राहिला.

येथे हार्वर्डच्या त्या काळच्या शिक्षणपद्धतीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. एलियट या अध्यक्षांच्या कारकिर्दीत विद्यार्थ्याला विषय निवडण्याची जवळजवळ पूर्ण मोकळीक मिळाली होती. त्यांच्यानंतर १९०९ मध्ये आलेल्या लोवेल यांनी तिला आवर घातला: विद्यार्थ्याने एका विषयात खोल जावे आणि उरलेल्या वेळात इतर क्षेत्रांची ओळख करून घ्यावी, असा दंडक पडला. दामोदरने गणित निवडले. गणित शिकविणारे प्राध्यापक होते जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ. पोंकारे या फ्रेंच गणितज्ञाने मरणापूर्वी सिद्धतेविना मांडलेला एक भूमितीय सिद्धान्त १९१३ मध्ये सिद्ध करून त्यांनी जगभर नाव मिळविले होते. अशा गुरूचे लक्ष एखाद्या विद्यार्थ्यावर जावे आणि त्याने सर्व शक्ती गणितावर केंद्रित करावी असे त्यांना वाटावे, हे भाग्य कितीजणांच्या वाट्याला येते?

दामोदरने ते मानले नाही. गणित सोडले नाही हे खरे. पण त्याबरोबर नानाविध विषय घेतले आणि प्रत्येकात उत्तम श्रेणी मिळविली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषांवर त्याने प्रभुत्व मिळविले. अभ्यासक्रमात जे मावेल ते घ्यायचे आणि न मावेल तेही वाचायचे, अशी ही वृत्ती. पदवीच्या वर्गांना अनेक वर्षे शिकविल्यानंतर मला असे दिसते की, कोणत्या प्रकरणाला किती गुण आहेत हे विचारणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. गुणांची यादी बाजूला सारून स्वतःच्या जिज्ञासेमागे जाणारा क्वचित भेटतो, आणि जिज्ञासेमागे जाऊनही गुणांत मागे न पडणारा तर विरळाच. १९२९ मध्ये दामोदरला हार्वर्डची पदवी सर्वोच्च सन्मानासह मिळाली आणि ‘फाय बीटा कॅपा’ या अमेरिकेतील सर्वांत जुन्या विद्यार्थी-सन्मानसंस्थेचे सदस्यत्वही लाभले.

बर्कहॉफ यांना या कथेतील प्रतिकूल पात्र ठरविण्याचा मोह होतो. मला तो न्याय्य वाटत नाही. गणितात तारुण्याची वर्षे फार मोलाची असतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांचा सल्ला ऐकला असता तर कोसंबी कदाचित बर्कहॉफ यांच्याच हाताखाली डॉक्टरेट करून एखाद्या मोठ्या विद्यापीठात स्थिरावले असते. तसे घडले नाही. डॉक्टरेटविनाच ते भारतात परतले, आणि पुढेही त्यांनी ती पदवी घेतली नाही. मार्गदर्शक नाही, समानशील सहकारी नाहीत, अशा स्थितीत संशोधनाचा आरंभ करणे म्हणजे काय, हे ज्याने ते केले आहे त्यालाच कळावे.

काशी हिंदू विश्वविद्यालयात त्यांना जागा मिळाली. गणिताबरोबर जर्मन भाषाही ते शिकवीत. हार्वर्डमध्ये जी अवांतर म्हणून गणली गेली असती त्या भाषेने येथे उपजीविकेला हातभार लावला! लंबवर्तुळाकार कक्षेच्या भ्रमणासंबंधीचा त्यांचा पहिला शोधनिबंध १९३० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आला. तेवीस वर्षांच्या, एकाकी काम करणाऱ्या अध्यापकाचा हा पहिला लेख.

१९३१ हे वर्ष त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. मे महिन्यात मडगावकर कुटुंबातील नलिनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी अलीगढच्या मुस्लिम विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून आलेल्या आंद्रे वेय या फ्रेंच गणितज्ञाने त्यांना आपल्याकडे बोलावून घेतले. वेय स्वतः कोसंबींपेक्षा जेमतेम वर्षाने मोठे. विजयराघवन हे दुसरे नामांकित सहकारी. एवढी बुद्धी एका छोट्या विभागात एकवटली होती, पण ती फार काळ एकत्र टिकली नाही. पुढल्याच वर्षी वेय अलीगढ सोडून गेले.

या सहवासातून उद्भवलेली एक गंमत गणिताच्या इतिहासात नोंदली गेली आहे. कोसंबींचा कोणा सहकाऱ्याशी खटका उडाला होता. वेय यांनी सुचविले की, एक गंभीर चेहऱ्याचा निबंध लिहून त्यात कोणा अज्ञात गणितज्ञाच्या सिद्धान्ताचा हवाला द्यावा. कोसंबींनी १९३१ मध्ये संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत ‘बूर्बाकी’ नामक काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या नावाने तसा निबंध खरोखरच छापून आणला. पुढे १९३५ च्या सुमारास वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी याच नावाखाली सामूहिक लेखन सुरू केले आणि निकोला बूर्बाकी हे विसाव्या शतकातील गणितातील एक बलाढ्य नाव झाले. त्या नावाचा गणिताच्या नियतकालिकातील पहिला उल्लेख मात्र आपल्या गोमंतकीय कोसंबींच्या लेखणीतून झाला आहे.

थट्टा बाजूला ठेवली तरी अलीगढची दोन वर्षे फलदायी ठरली. विकलक भूमिती आणि ‘पथावकाश’ या विषयांवर त्यांनी तेथे आठ निबंध सिद्ध केले. आमच्यासारख्या भाषेच्या अभ्यासकाला समजेल अशा शब्दांत सांगायचे तर, अवकाशातील अंतरे आधी गृहीत न धरता, तेथून जाणाऱ्या मार्गांच्या समीकरणांवरूनच त्या अवकाशाचे स्वरूप ओळखायचे, असा हा विचार. या विषयावरील त्यांचा निबंध १९३३ मध्ये जर्मनीतील ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या मान्यवर नियतकालिकात छापला गेला, आणि त्याला लागूनच एली कार्तां या त्या काळच्या श्रेष्ठ भूमितिज्ञाने त्या निबंधावर लिहिलेले टिपण प्रसिद्ध झाले. ज्याला कोणी औपचारिक गुरू लाभला नव्हता त्या पंचविशीच्या तरुणाच्या कामाची दखल साठी ओलांडलेल्या कार्तां यांनी घ्यावी, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते! पुढे चिनी गणितज्ञ चर्न यांनीही त्यात भर घातली आणि तो सिद्धान्त आज कोसंबी-कार्तां-चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचे या काळातले काही निबंध फ्रेंच, इटालियन आणि जर्मन नियतकालिकांत आले. हार्वर्डमधल्या भाषा पुन्हा कामी आल्या.

१९३३ मध्ये ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. याच महाविद्यालयात वडिलांनी पाली शिकविली होती. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृतिपारितोषिक मिळाले. येथवर त्यांची शैक्षणिक कारकीर्द स्थिर झाली असे म्हणता येईल, म्हणून पुढची हकीकत मी थोडक्यात आटोपतो. गणिताकडून ते संख्याशास्त्राकडे गेले. संख्याशास्त्राचा प्रयोग म्हणून प्राचीन आहत नाण्यांची वजने करू लागले. ती नाणी कोणी पाडली या प्रश्नाने त्यांना पुराणांकडे, शिलालेखांकडे आणि संस्कृतकडे नेले. १९४६ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पुण्याहून ‘डेक्कन क्वीन’ने जा-ये करीत. रीमानच्या गृहीतकाविषयी त्यांनी केलेला दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही आणि त्यातून कटुता निर्माण झाली. एकट्याने चालण्याच्या तरुणपणीच्या सवयीची ही दुसरी बाजू असावी, असे मला वाटते; ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

हार्वर्डशी असलेला धागा मात्र तुटला नव्हता. ज्या ‘विसुद्धिमग्गा’साठी धर्मानंद अमेरिकेच्या वाऱ्या करीत राहिले, तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९५० मध्ये, हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून प्रसिद्ध झाला. त्यावर वॉरन यांच्याबरोबर धर्मानंदांचे नाव आहे. त्याच मालेचा ४२ वा खंड १९५७ मध्ये निघाला. विद्याकर या बौद्ध पंडिताने संकलित केलेला तो ‘सुभाषितरत्नकोश’ आहे, आणि त्याचे संपादक आहेत दामोदर धर्मानंद कोसंबी व वासुदेव विश्वनाथ गोखले.