मिरजेचे खांसाहेब

मिरजेत सतारमेकर गल्ली नावाची एक गल्ली आहे. तिच्यातून जाताना दुकानांत मोठमोठे वाळलेले भोपळे टांगलेले दिसतात, आणि कोणी वृद्ध कारागीर तार छेडून तिच्याकडे कान लावून बसलेला आढळतो. या कारागिरांचे पूर्वज शस्त्रांना धार लावणारे शिकलगार होते. शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा सुमारे १८५० साली या घराण्यातील फरीदसाहेबांनी सतार व तंबोरा घडविण्याचा उद्योग आरंभिला. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड बहुधा तुणीचे, आणि हात व कान मात्र मिरजेचे! अशा या गावी ज्या थोर गायकाने आपले घर केले, त्या अब्दुल करीम खांसाहेबांची ही हकीकत आहे.

खांसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर हिंदुस्थानातील किराना या गावी झाला. वडील काले खां आणि चुलते अब्दुल्ला खां हेच त्यांचे गुरू. गळ्याबरोबर सारंगी व बीन या वाद्यांचेही शिक्षण त्यांना मिळाले. तरुणपणी बंधू अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्याच्या दरबारी गायले. नंतर मुंबईस आले, आणि पुढे मिरजेशी त्यांचा जन्माचा ऋणानुबंध जडला. म्हैसूरच्या दरबाराचेही त्यांच्यावर प्रेम होते. दक्षिणेकडील या येण्याजाण्यात त्यांनी कर्नाटक संगीत आस्थेने ऐकले, आणि त्यातील सरगमची रीत आपल्या गायनात आणली. परप्रांतातील विद्या अशी मोकळ्या मनाने घेणारे उस्ताद त्या काळी विरळाच.

त्यांचा आवाज बारीक व कोमल होता. मांडव दणाणून सोडावा अशी त्यांची गायकी नव्हती. एकेक स्वर ते इतक्या हळुवारपणे लावीत, की श्रोत्यालाही आपला श्वास आवरून ऐकावे लागे. अशा गायकाला तंबोरा अगदी चोख लागतो. वाद्य दुरुस्त करण्याचे कसब खांसाहेबांच्या अंगी होते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकविलेला असतो. तो रेसभर इकडेतिकडे झाला, की तारेचा झंकार खुलतो किंवा मिटतो. यालाच जवारी लावणे म्हणतात. जवारी नीट लागली म्हणजे खर्जाच्या एकाच तारेतून गांधारही आपोआप उमटू लागतो. कोणी तो वाजविलेला नसतो!

येथे थोडे विषयांतर करतो. माझा नातू विजेवर चालणारी गिटार शिकतो. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तो कानांवर हेडफोन चढवून रात्री सराव करतो. प्रथम त्याने जे हेडफोन आणले, ते खालच्या स्वरांना फुगवून दाखवीत. त्या घुमाऱ्यात त्याच्या चुका बुडून जात आणि त्याला वाटे, आपण फार छान वाजवितो! पुढे त्याने स्वर जसाच्या तसा ऐकविणारे साधे हेडफोन घेतले. दोन दिवस स्वारी हिरमुसली होती. तिसऱ्या दिवसापासून हात सुधारू लागला. तंबोऱ्याचे काम असेच आहे. एकांतात गाणाऱ्याची तो भीड ठेवीत नाही.

खांसाहेबांच्या या तीक्ष्ण कानाचा लौकिक सांगलीस पोहोचला. तेथे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत. सप्तकातील बावीस श्रुती नेमक्या कोठे आहेत, हे तारेची लांबी मोजून ठरवावे, असा ध्यास त्यांनी घेतला होता. मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी होते. परंतु अचूक स्वर लावून दाखविणारा गळा हवा होता. त्या काळचे बहुतेक उस्ताद आपली विद्या झाकून ठेवीत. चुकले तर घराण्याची अब्रू जाईल, ही धास्तीही असेच. खांसाहेबांनी मात्र आपला स्वर मोजपट्टीपुढे ठेवला. देवलांचा श्रुतींवरील ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी देवल आणि संगीतप्रेमी इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी साताऱ्यास फिल्हार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था काढली.

वाद होता तो पेटीविषयी. षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली, तर त्याच्याशी पूर्णपणे मिळणाऱ्या गांधाराची ३०० होतात. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, म्हणून तिचा गांधार ३०२ च्याही किंचित वर जातो. हा फरक सामान्य कानाला कळत नाही. खांसाहेबांना तो बोचे. मग क्लेमंट्स यांनी श्रुतींच्या हिशेबाची एक निराळी पेटी इंग्लंडात तयार करविली. १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही श्रुतिपेटी विद्वानांपुढे मांडण्यात आली. पंडित भातखंडे यांच्यासारखे जाणकार तेथे होते. पेटी त्यांना पटली नाही, आणि इतक्या वर्षांच्या खटाटोपाला हवे तसे यश लाभले नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे, रागारागांत हलणारा जिवंत स्वर एका पट्टीखाली खिळवून ठेवणे हेच मुळी अवघड होते. तरीही त्या मोजणीत सांगली-साताऱ्याच्या मंडळींनी जी चिकाटी दाखविली, ती मला मोलाची वाटते.

पुस्तकी वादापेक्षा खांसाहेबांचा जीव शिष्यांत अधिक रमे. १९१० साली त्यांनी बेळगावास आर्य संगीत विद्यालय काढले. १९१३ मध्ये पुण्यासही ते सुरू झाले. गरीब मुलांच्या जेवणाखाण्याचा भार ते स्वतः उचलीत आणि त्यासाठी गावोगाव जलसे करीत. त्यांच्या टिपू नावाच्या कुत्र्यानेही म्हणे सुरात सूर मिळविण्याचे शिक्षण घेतले होते! सवाई गंधर्व या नावाने पुढे गाजलेले रामभाऊ कुंदगोळकर हे त्यांचे शिष्य. याच रामभाऊंकडे पुढे गदगचा एक मुलगा शिकण्यास आला. दुकानात लागलेली खांसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून त्याला गाण्याचे वेड लागले होते, आणि १९३३ साली, तुमच्याएवढा म्हणजे अकरा वर्षांचा असताना, त्याने घर सोडले होते. तोच पुढे पंडित भीमसेन जोशी म्हणून जगाला माहीत झाला.

१९३७ च्या ऑक्टोबरात खांसाहेब मद्रासेहून पाँडिचेरीस श्रीअरविंदांच्या आश्रमात गाण्यासाठी निघाले. वाटेत छातीत कळ येऊ लागली, म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घालण्यात आले. त्यांनी दरबारी कानडा रागात ईश्वराचे नाव आळविले, आणि गातागाताच शांतपणे आडवे होऊन त्यांनी प्राण सोडला. तो दिवस २७ ऑक्टोबरचा होता.

त्यांचा देह मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. दर वर्षी तेथे उरूस भरतो. तेव्हा दूरदूरचे गवई तंबोरे जुळवून बसतात, आणि त्यांतले कित्येक तंबोरे त्याच सतारमेकर गल्लीतून आलेले असतात.